पाण्यात विरघळणारे सर

माझं शिक्षण कॉमर्सचं. बायोलॉजीचं पुस्तक मी हातात धरलं ते मुलाच्या पुस्तकाला कव्हर घालण्यापुरतं. तरीही कॉर्टिसोल पेशीत कसं शिरतं आणि इन्सुलिन दारातच का थांबतं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगू शकते. याला एकच माणूस जबाबदार आहे. हा माणूस वीसेक वर्षं माझ्या दारात येत राहिला आणि एकदाही घरात आला नाही.

मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. सर तिथे जीवशास्त्र शिकवायचे. शिवाय पिंप्राळ्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर, म्हणजे नोकरीत आणि शेजारात दोन्हीकडे ते माझ्या वाट्याला आले. उंच, सडपातळ, पायात बारा महिने सँडल, खिशाला तीन पेनं, त्यातलं चालणारं एक. चालणारं कोणतं ते त्यांना कधीच माहीत नसायचं.

कार्यालयात रजेचा अर्ज द्यायला आले की ते उंबरठ्याच्या बाहेर थांबत. चौकटीवर दोनदा टिचकी मारत. मी मान वर केली की म्हणत, "उद्या रजा. अर्ज हा." हात तेवढा आत. अर्ज माझ्या टेबलापर्यंत पोचायला तीन पावलांचं अंतर होतं. ती तीन पावलं दर वेळी मला चालावी लागत. पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, आढ्यताखोर आहे. तिसऱ्या वर्षी मी टेबलच दाराजवळ सरकवून घेतलं आणि विषय मिटवला.

प्राचार्यांच्या केबिनशीही तेच. पायपुसण्यावर उभं राहून बोलायचं आणि जायचं. एकदा प्राचार्यांनी हट्टाने खुर्ची पुढे केली, तेव्हा सर म्हणाले की खुर्ची इथे दारात मिळाली तर बसतो. प्राचार्यांची खुर्ची अखेर पायपुसण्यावर आली. त्या दिवशी जो कुणी केबिनमध्ये गेला तो सरांना वळसा घालून गेला.

स्वतःचं घर, वर्ग आणि एसटी ही तीन ठिकाणं सोडली तर सर कशाच्याही आत जात नसत. एसटी तुम्हाला कशी चालते, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "एसटी म्हणजे रक्तप्रवाह, ताई. त्यात सगळेच बसतात."

याचा उलगडा मला माझ्याच दारापुढच्या ओट्यावर झाला. कसलीतरी उत्तरपत्रिकांची यादी द्यायला ते आले होते. मी आत भाजीला फोडणी देत होते, हात रिकामा नव्हता, म्हणून ओरडून सांगितलं की आत या. बाहेरून उत्तर आलं की ते पाण्यातले आहेत. मला वाटलं, चालताना पाऊस लागला असेल. बाहेर येऊन पाहते तर कडक ऊन.

मग त्यांनी मला दोन वाट्या आणायला लावल्या. एका वाटीत तेल, एकीत पाणी. दोन्हींत चिमूटभर लाल तिखट आणि चिमूटभर मीठ. तेल थोडं गरम होतं. ते तेल लालभडक झालं, पाणी नुसतं गढूळ झालं. मीठ पाण्यात दिसेनासं झालं, तेलात तळाशी जसंच्या तसं पडून राहिलं. शेवभाजीवर तर्री वर तरंगते आणि तिच्यातच सगळा लाल रंग असतो, हे मी जन्मभर पाहत आले होते, पण त्याचा अर्थ काही असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

सरांचं म्हणणं असं होतं. पेशीला बाहेरून एक पातळ पडदा असतो आणि तो मुळात तेलकट असतो. शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, हे निरोपे. त्यांतले काही तेलात विरघळणारे. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही मंडळी त्यातली. तेलकट पडद्याशी त्यांची जातकुळी एक, त्यामुळे ती विचारत नाहीत, सरळ आत घुसतात आणि थेट पेशीच्या देवघरात, म्हणजे केंद्रकात, जाऊन बसतात. तिथे घरात काय शिजायचं आणि काय नाही, हेच बदलून टाकतात. वेळ लागतो, पण बदल टिकतो. दुसरे पाण्यात विरघळणारे. इन्सुलिन, अ‍ॅड्रिनॅलिन. तेलकट पडदा त्यांना आत घेत नाही. म्हणून दारावर त्यांच्यासाठी घंटी असते, तिला ग्राही म्हणतात. ते घंटी दाबतात. आत मग एक दुसरा निरोप्या धावत सुटतो आणि काम होतं. पाहुणा बाहेरच्या बाहेर परत.

"माणसंही दोनच प्रकारची असतात, ताई," सर म्हणाले. "मी इन्सुलिन आहे."

भाजी तोवर लागली होती. मी ती तशीच वाढली.

त्यांनी सगळ्या कॉलेजची वाटणी करून टाकलेली होती. कोण तेलातलं, कोण पाण्यातलं. शिपाईदादा तेलातले, कारण ते कुणाच्याही डब्यात हात घालत. प्राचार्य पाण्यातले. गणिताच्या मॅडम तेलातल्या असूनही पाण्यातल्या असल्याचं नाटक करत. मी कोण, हे विचारायचं मी टाळलं. पण मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, हे कळल्यावर त्यांनी आपणहूनच सांगितलं की थायरॉइडचं संप्रेरक म्हणजे अर्धं घरचं, अर्धं बाहेरचं. आत जातं, पण जाताना दारवान लागतोच. "तुमच्यासारखं," असं म्हणून ते निघून गेले. हे कौतुक होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

वर्गात त्यांचा कारभार याहून मोठा. पोरांना दोन रांगांत पाठीला पाठ लावून उभं करायचं. बाहेर वळलेली तोंडं म्हणजे पडद्याची पाणी आवडणारी डोकी, एकमेकांना चिकटलेल्या पाठी म्हणजे तेलकट शेपट्या. झालं पेशीपटल. मग उरलेल्या पोरांनी त्यातून आरपार जायचं. ज्यांच्या केसांना तेल, त्यांना वाट मोकळी. जी नुसतं तोंड धुऊन आलेली, त्यांना अडवायचं. तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालणाऱ्या भडगावकडच्या मुली ऐटीत पलीकडे जायच्या, आणि शहरातली शॅम्पू केलेली पोरं बाहेर ताटकळायची. एका पोराने केसांना जेल लावलं होतं. तो म्हणाला, हे चिकट आहे, मला जाऊ द्या. सरांनी त्याच्या केसांवर बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं की जेल पाण्यात विरघळतं. वर्गाने निकाल मान्य केला. पोराचा मात्र त्या दिवशी कुणाला तरी भेटायचा बेत होता, असं नंतर कळलं.

एकदा शिपाईदादा वर्गावर सूचनेचा कागद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी धुवायची होती, म्हणून प्रत्येकाने पिण्याचं पाणी घरून आणावं, एवढंच. मीच लिहिली होती ती. सरांनी दादांना दारात थांबवलं. म्हणाले, तुम्ही अ‍ॅड्रिनॅलिन, आत येऊ नका, कागद पहिल्या बाकावरच्या मुलीला द्या, ती ग्राही. मग वर्गाला सांगितलं की एका अ‍ॅड्रिनॅलिनच्या रेणूने आत हजारो रेणू कामाला लागतात, हे आज आपण पाहणार. प्रत्येकाने दोघांना सांगायचं, त्या दोघांनी आणखी दोघांना. पोरांना निमित्तच हवं होतं. मधल्या सुटीपर्यंत प्रत्येक पोराला ती सूचना सात-आठ वेळा मिळाली होती, आणि शेजारच्या शाळेलाही मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात इतकं पाणी आलं की ठेवायला जागा नव्हती. बाटल्या, कळशा, वीस लिटरचे जार. एकाचे वडील केळीच्या मळ्यातला टँकरच घेऊन आले, कारण त्यांना चार वेगवेगळ्या पोरांनी फोन केला होता. शेवटी त्याच पाण्याने टाकी धुतली. सरांनी दारातून मला तेवढं कळवलं: "प्रयोग यशस्वी."

आता वहिनी. सरांच्या पत्नी म्हणजे शुद्ध तेल. ठेंगण्या, गोल, हसऱ्या. कुणाच्याही घरी चप्पल काढायच्या आधी त्या स्वयंपाकघरात असत. पायी कुठेच जायच्या नाहीत, पिंप्राळ्यातून बाजारात जायचं तरी रिक्षा. यावरही सरांची टिपणी तयार होती. रक्त म्हणजे पाणीच. तेलात विरघळणाऱ्यांना त्यात एकट्याने फिरता येत नाही, कुठल्यातरी प्रथिनाच्या पाठीवर बसून जावं लागतं. वहिनींची रिक्षा म्हणजे ते प्रथिन. वहिनी एकदा माझ्याकडे दुपारभर बसून गेल्या आणि माझ्या घरच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण कायमचं बदललं. आज मी करते ती आमटी माझ्या सासूबाईंची नाही, वहिनींची आहे. हे कधी झालं, तेही मला सांगता येणार नाही.

या दोघांचं लग्न कसं झालं, हे मी वहिनींना विचारलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. सरांची पहिली नोकरी भडगावची. एका विद्यार्थ्याच्या घरी, मुलगा वर्गात येत नाही असा निरोप द्यायला ते गेले. घरच्यांनी आत बसवलं. चहा दिला. मग जेवण. मग आजोबांनी गिरणा नदीच्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. सरांना उठून "निघतो" म्हणता येईना. कुणी बोलत असताना उठायचं कसं, आणि कुणी गप्प असताना उठणं तर आणखी वाईट दिसतं. ते रात्री तिथेच झोपले. सकाळी घरच्यांनीच दात घासायला नवा ब्रश दिला. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी विचारलं की मास्तर, आमची मुलगी कशी वाटते. सर नाही म्हणू शकले नाहीत.

"म्हणजे तुमच्याच घरी?" मी विचारलं.

"मग काय," वहिनी म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ वर्गात जात नव्हता, ते बरंच झालं. तो अजून कुठे जात नाही."

तेव्हापासून सरांनी कुणाच्याही उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. तेल आणि पाणी हे शास्त्र नंतर आलं. मूळ गोष्ट एवढीच होती की या माणसाला आत गेल्यावर बाहेर पडता येत नाही. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्यावर रागवायचं सोडून दिलं. आजार ठाऊक असला की त्रास निम्मा होतो.

पण ही गंमत पल्लवीचं लग्न ठरताना अंगाशी आली.

पल्लवी सरांची एकुलती मुलगी. वनस्पतिशास्त्र शिकली आणि केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. दिवसभर कोंबांना हार्मोन पाजायचं काम. त्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना ग्रील बसवायला धुळ्याचा एक मुलगा आला, निखिल. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. ग्रील, गेट, शटर. खिडक्या आठ होत्या, पण पोरगा महिनाभर मापं घेत राहिला. हा निखिल निघाला माझ्या मामेबहिणीचा मुलगा. त्यामुळे दोन्हीकडचे फोन मला यायला लागले. मी दोन्हीकडे सांगितलं की मुलगा कामसू आहे, मुलगी शहाणी आहे, उगाच चौकशा करत बसू नका.

सगळं ठरल्यासारखं होतं. राहिलं होतं फक्त घर पाहणं. मुलीच्या बापाने मुलाच्या घरी जायचं, आत बसायचं, गूळ-पाणी घ्यायचं, म्हणजे सोयरीक पक्की. निखिलचे आजोबा, त्यांना सगळं घर आबा म्हणतं, या बाबतीत कडक. त्यांनी त्यांच्या काळी शेत विकून वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं आणि घरात त्यांचाच शब्द चालायचा.

आम्ही धुळ्याला गेलो. सर, वहिनी, पल्लवी आणि मी. वहिनी चपलांसकट आत जायच्या बेतात होत्या, मी त्यांचा दंड धरून चपला काढायला लावल्या. दहा मिनिटांत त्या चुलीपाशी होत्या आणि मामेबहीण त्यांना तिखटाचे डबे दाखवत होती. सर ओट्यावर. प्लास्टिकची एक खुर्ची होती तिथे, तिच्यावर बसले. आत बैठकीत आबा नवी टोपी घालून, समोर गुळाची वाटी आणि तांब्या ठेवून वाट पाहत होते. निखिलचे वडील दोनदा बोलवायला आले. सरांनी खुर्चीवरूनच सांगितलं, "मुलगा पसंत आहे. मुलगी तुमचीच आहे. आम्ही निघतो." आणि उठून कोपऱ्यावर जाऊन एसटीची वेळ विचारू लागले.

आबा त्यानंतर जे बोलले ते मी वहिनींकडून अर्धं आणि मामेबहिणीकडून उरलेलं ऐकलं. पण मुख्य वाक्य मी स्वतः ऐकलं, कारण ते ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशाच आवाजात, ठसक्यातल्या अहिराणीत होतं.

"बठ्ठा गाव आमना घरमा येस, आनि पोरना बाप बाहेर बसस? जो मानूस आमना घरनं पानी पेत नही, तो आमना सोयरा कसा व्हई?"

म्हणजे सगळं गाव आत येतं आणि मुलीचा बापच बाहेर. वर मुदत दिली. आखाजीलगून वाट दखसू, म्हणाले. तोवर आला तर आला, नाहीतर पोऱ्यासाठी दुसरी पोर पाहायची. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. जळगाव आल्यावर एसटीतून उतरताना पल्लवी मला एवढंच म्हणाली, "मावशी, मला याच्याशीच करायचंय. बाबांचं काहीतरी बघा."

एवढं सरळ सांगितलं की काम करायला बरं पडतं. मी सरांना माझ्या ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं की पोरीचा प्रश्न आहे, एक पाऊल टाकायचं आहे. सर सँडलकडे पाहत म्हणाले की पाऊल टाकतील, पण परत कोण काढणार. त्या घरी आबा आहेत, आबांकडे गोष्टी आहेत. मी म्हटलं, मी येते, मी उठवते. ते म्हणाले, तुम्ही उठवाल, पण तेवढ्यात आबा 'बसा' म्हणतील. म्हणाले असतेच.

तरी सराव केला. माझ्याच घरी. एक पाऊल आत, एक बाहेर. सर चौकटीला दोन्ही हातांनी धरून घोड्यावर बसल्यासारखे उभे राहिले. माझा मुलगा कॉलेजातून आला, त्याला आत जायला वाट मिळेना, तो मागच्या दाराने आला. दुसरं पाऊल काही आलं नाही.

वहिनींनी वेगळा उपाय काढला. पुढच्या रविवारी धुळ्याला जाताना त्यांनी सरांच्या डोक्याला पसाभर खोबरेल चोपडलं. म्हणाल्या, तुमचंच शास्त्र, तेलकट झालात की आपोआप आत जाल. उन्हात तेल गळून सरांच्या कॉलरवर आलं. धुळ्याला ते उंबरठ्यापर्यंत गेले, थांबले, घंटी वाजवली. घंटीवरचं बोट काढायचं त्यांना सुचेना. ती वाजतच राहिली. आतून आबांनी विचारलं की कोण मेलं. सर वळले आणि खुर्चीवर जाऊन बसले. कोपऱ्यावरच्या पोरांनी त्यांचं नाव तेल्या मास्तर ठेवलं.

त्या दिवशी निखिल ओट्याच्या पायरीवर बसला आणि त्याने सरांना विचारलं की हे नक्की काय आहे. हा पहिलाच माणूस, ज्याने हसण्याआधी विचारलं. सरांनी त्याला सगळं सांगितलं. तेल, पाणी, पडदा, घंटी. निखिलने ऐकून घेतलं आणि लोखंडाच्या धंद्यातला माणूस विचारेल तेच विचारलं: पडदा हलतो का?

सर खुर्चीत सरळ झाले. म्हणाले की हलतो. कधी कधी असं होतं की इन्सुलिन दारावर चिकटून बसतं, तेव्हा पडदाच त्याच्याभोवती वाकतो, त्याला चहूबाजूंनी घेरतो आणि पिशवी करून आत ओढून घेतो. इन्सुलिन जागचं हलतही नाही. घरच त्याच्या बाहेर येतं.

निखिलने खिशातून टेप काढली आणि ओट्याची रुंदी मोजली. सरांना वाटलं, पोराला कंटाळा आला. त्यांनी मला तसं बोलूनही दाखवलं.

आखाजीला आम्ही पुन्हा गेलो. सर खुर्चीवर. आत पुरणपोळ्यांचा वास, आमरसाचं पातेलं, आबा टोपी घालून, गुळाची वाटी, सगळं पहिल्यासारखं. पल्लवीचा चेहरा असा झाला होता की मी तिला पाणी प्यायला लावलं. आज सर उठून कोपऱ्यावर गेले की संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सर कधीही उठतील असेच बसले होते, खुर्चीच्या टोकाला.

तेवढ्यात वर्कशॉपचा टेम्पो दारात लागला. निखिल आणि दोन कारागीर उतरले. त्यांनी एक भलंमोठं ग्रील उचललं, हिरव्या रंगाचं, मधे दार असलेलं, आणि ओट्याच्या पुढच्या कडेला उभं केलं. ओट्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत त्यांनी आदल्या दिवशीच भोकं पाडून ठेवली होती. सर खुर्ची घेऊन उठू लागले. निखिल म्हणाला, बसा सर, तुमच्या पुढचं काम आहे, तुम्हाला हलायची गरज नाही. सर बसले. काम चाललं असताना उठणं त्यांना बरं दिसलं नसावं. त्यांनी उलट कारागिरांना उजवी बाजू अर्धा इंच खाली आहे, असं सांगितलं. ती खरंच होती.

चार नट आवळले. निखिलने ग्रीलचं दार लावून आतून कडी घातली.

मग आबा बैठकीतून उठले. हळूहळू उंबरठा ओलांडून ओट्यावर आले. ग्रील हाताने हलवून पाहिलं, कडी ओढून पाहिली, रस्त्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"आते तुम्ही घरमा शेतस," आबा म्हणाले. "पानी ल्या."

सरांनी चहूकडे पाहिलं. समोर ग्रील, मागे भिंत, डोक्यावर स्लॅब. गल्ली पलीकडे, ते अलीकडे. आत वहिनींच्या हातातलं पोळीचं लाटणं थांबलं होतं. पल्लवी दारात उभी होती.

"मला कुणी ओढलं?" सरांनी मला विचारलं.

"नाही."

"मी उंबरठा ओलांडला?"

"नाही."

"पडदा पुढे आला."

"आला," मी म्हटलं. "आता पाणी घ्या."

त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या उचलला. पल्लवी आत जाऊन रडली, असं मामेबहीण सांगते. मी पाहिलं नाही. मी ताटं मांडत होते.

ताटं ओट्यावरच मांडली. आबा सरांच्या शेजारी बसले. मी तिसरी पोळी वाढत असताना सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलं. असं आत नेलेलं इन्सुलिन पेशी शेवटी पचवून टाकते."

"तुम्ही आधी पोळ्या पचवा," मी म्हटलं.

जेवण झालं. लग्नाचा महिना ठरला. आबांनी वेल्डिंगच्या पहिल्या मशीनची गोष्ट काढली. ती संपली आणि दुसऱ्या मशीनची निघाली. वहिनी आत त्यांच्या घरचा मसाला बदलत होत्या. चार वाजता चहा झाला, सहाला पुन्हा झाला. शेवटच्या एसटीची वेळ होत आली. सर बसलेलेच. मी तीनदा उठायची खूण केली. तीनदा ते खुर्चीत अर्धवट उठले आणि तीनदा आबा 'बसा' म्हणाले. मामेबहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं की मास्तरांसाठी अंथरूण घालू का. मला भडगावचा तो ब्रश आठवला.

निखिल आत गेला आणि पाना घेऊन आला. कुणाशी काही न बोलता त्याने चारही नट सैल केले, आणि कारागिरांनी ग्रील उचलून बाजूला भिंतीला टेकवलं. ओटा मोकळा. समोर गल्ली, वारा, समोरच्या घरासमोर झोक्यावर बसलेल्या लेकी.

सर उभे राहिले. सँडलचा पट्टा लावला.

"निघतो," ते म्हणाले, आणि आबांचं 'बसा' ओठांवर यायच्या आत कोपऱ्यावर पोचले.

पल्लवीचा मुलगा आता शाळेत जातो. सर निवृत्त झाले, पिंप्राळ्यातच असतात, माझ्या ओट्यावर अजून येतात आणि दारातूनच जातात. मी अजूनही ताट बाहेर नेऊन देते. मध्यंतरी मीही ग्रील बसवायचा विचार केला होता, पण माझ्या घरात निखिल नाही, आणि नट सैल करत बसायला मला वेळ नाही.

धुळ्याच्या घराचं ग्रील मात्र तेच आहे, हिरवं. त्या घरातली प्रत्येक वस्तू वेल्डिंग केलेली आहे, अगदी तुळशीचा कट्टासुद्धा. ते ग्रील तेवढं अजून चार नटांवर उभं आहे, आणि पाना ओट्याच्या खिडकीत ठेवलेला असतो.